कुणालाही चालेल असं मानपत्र

विरार पूर्वेला मनवेलपाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या केळुसकर सरांनी आजवर दोनशेहून अधिक माणसांचा गौरव केला होता, आणि त्याचा एकही पुरावा त्यांच्या घरात नव्हता.

सर मानपत्रं लिहायचे. निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांना, पंचाहत्तरी गाठलेल्या भजनीबुवांना व्यासपीठावर शाल-श्रीफळाबरोबर जी काचेची चौकट देतात ना, तिच्यातला मजकूर सरांचा आणि अक्षरही सरांचंच. पेशाने ते चित्रकलेचे शिक्षक. पस्तीस वर्षं पोरांकडून आंबा, पेरू आणि टेबलावरचा तांब्या काढून घेतला, पण जीव सगळा या कामात. जाड पिवळसर कागद, चपट्या टोकाचा टाक, काळी शाई आणि नावापुरती सोनेरी. एका मानपत्राला चार दिवस लागत. काम हातावेगळं झालं की कच्चा खर्डा फाडून टाकायचा, हा सरांचा नियम. "मान एकाचाच असतो, त्याची कार्बन कॉपी ठेवायची नसते," असं ते म्हणायचे. दुसरा नियम असा की श्रद्धांजलीचं काम घ्यायचं नाही. मानपत्र जिवंत माणसाला द्यायचं. गेलेल्याला वाचता येत नाही, मग चांगलं अक्षर काढून उपयोग काय?

तत्त्वं अशी भरभक्कम असली की माणूस एरवी सुखात असतो. अडचण एवढीच की गेल्या अकरा महिन्यांत मानपत्र मागायला कुणी आलंच नव्हतं. लोक आता स्टेशनजवळच्या दुकानात जातात, संगणकावर जुनं नाव खोडून नवं घालतात आणि अर्ध्या तासात चकचकीत सन्मानचिन्ह घेऊन बाहेर पडतात. पेन्शन मिळत होती, त्यामुळे पोटाचा प्रश्न नव्हता. प्रश्न दिवसाचा होता. मनोरमाबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती आणि मुलगी विनिता हैदराबादला होती. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा, तोसुद्धा बेल वाजवत नसे. मानपत्राचं काम असलं की सर कुणाच्या तरी घरी जात, चहा घेत, पुढचे चार दिवस त्या माणसाशी मनातल्या मनात बोलत बसत. काम नसलं की संध्याकाळपर्यंत स्वतःचा आवाजही कानावर पडायचा नाही. लोक ज्याला एकटेपणा म्हणतात तो हाच. सर त्याला 'सध्या जरा निवांत आहे' असं म्हणत.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोन वाजला.

"केळुसकर सर का? मी आर्या. वसईला आमच्या शाळेचं पंचाहत्तरावं वर्ष आहे, त्या कमिटीत मी आहे. पंचवीस जुन्या टीचर्सना मानपत्रं द्यायचीत. गिरीजच्या फर्डिनंड सरांनी तुमचं नाव दिलं."

"पंचवीस?" सर फोनवर बोलता बोलता उभे राहिले.

"हो, पण कमिटीत दोन ग्रुप आहेत सर. एक म्हणतो सरळ प्रिंट मारू. म्हणून म्हटलं, तुम्ही तुमचा पोर्टफोलिओ पाठवाल का? दहा बेस्ट कामं आणि तुमच्याबद्दल एक पान. पीडीएफ करा. पंधरा दिवसांत मिळालं तर मी भांडू शकते तुमच्यासाठी."

"पाठवतो की," सर म्हणाले. पोर्टफोलिओ म्हटल्यावर त्यांना म्युच्युअल फंडाची जाहिरात आठवली होती, पण दारात आलेली लक्ष्मी म्हणा, सरस्वती म्हणा, तिला शंका विचारून परत पाठवायची नसते.

दुपारी विनिताच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिला गाठलं. तिने समजावून सांगितलं. "दुकानाची शोकेस असते ना बाबा, तसं. सगळा माल नाही मांडायचा, निवडक मांडायचा. चांगल्या उजेडात फोटो काढा, ज्यांचं आहे त्यांची परवानगी घ्या, कुणी दोन ओळी अभिप्राय दिला तर बघा. मी इथे जोडून पीडीएफ करते."

"पण माझ्याकडे एकही नाही."

"म्हणजे?"

"लोकांकडे आहेत सगळी."

हैदराबादला डबा बंद झाल्याचा आवाज आला. मग विनिता म्हणाली, "मग लोकांकडे जा ना बाबा."

सर निघाले. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात काच पुसायला मऊ फडकं आणि विनिताने दिलेला मोबाइल. पहिलं घर एव्हरशाईन सिटीतलं, एका बँक मॅनेजरचं. मॅनेजरसाहेब तीन वर्षांपूर्वी वारले होते. दार उघडलं त्यांच्या मुलाने, विघ्नेशने. त्याला बराच वेळ कसली चौकट ते आठवेना. शेवटी माळ्यावर, जुन्या कूलरच्या मागे ती सापडली. "हॉल नवीन केला ना काका, तेव्हा मॅच होत नव्हती," तो म्हणाला. सरांनी काच पुसली, बाल्कनीत उजेडाला धरली आणि फोटो काढला. विघ्नेश मागे उभा राहून मजकूर वाचत होता. वाचता वाचता एका ओळीवर थांबला. 'सही करण्याआधी समोरच्या माणसाला "बसा" म्हणणारे साहेब आम्ही आपल्यातच पाहिले.'

"हे खरंय," तो म्हणाला. "पप्पा कुणालाही उभं ठेवत नव्हते. तुम्हाला कुणी सांगितलं?"

सरांनी आठवून पाहिलं. "कळलं असेल कुठून तरी," ते म्हणाले. विघ्नेशने चौकट परत माळ्यावर टाकली नाही, सोफ्याला टेकवून ठेवली. सरांना तेवढंच बरं वाटलं.

मग नालासोपाऱ्यातली निवृत्त नर्स झाली, विरारच्या शाळेचा शिपाई झाला, सोसायटीचे चेअरमन झाले. कुठे चौकट दर्शनी भिंतीवर होती, कुठे गेस्टरूम म्हणवणाऱ्या अडगळीत. एका घरात ती गॅसच्या शेगडीमागची भिंत काळी पडू नये म्हणून लावली होती. सरांना वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर ते खूश होते. दहा दिवस रोज कुणीतरी त्यांना "या, बसा" म्हणत होतं.

गिरीजला फर्डिनंड सरांच्या घरी तर मानपत्राला देवघराशेजारी जागा होती. क्रूसाच्या डाव्या अंगाला, मेणबत्तीचा धूर लागणार नाही अशा बेताने. फर्डिनंड सर चाळीस वर्षं चर्चमध्ये व्हायोलिन वाजवत आणि पोरांना शिकवत. आता ऐकू कमी यायचं, म्हणून ते नुसते हसत होते. बोलत होती ती त्यांची पत्नी रेजिना. नवऱ्याशी ती आपल्या घरच्या बोलीत बोलायची आणि सरांशी वळताच शाळेतल्यासारखी मराठी काढायची.

"बाई नाही आल्या?" तिने विचारलं आणि लगेच कपाळाला हात लावला. "माफ करा सर. ऐकलं होतं मी, विसरले. मागच्या खेपेला त्या माझ्याबरोबर परसात बसलेल्या ना. मी केळीची पानं पुसत होते, तर त्या पण फडकं घेऊन बसल्या. तेव्हा मी त्यांना तारेची गोष्ट सांगितली."

"कुठल्या तारेची?"

"ही काय, तुम्हीच तर लिहिलीय!" रेजिनाने काचेवर बोट ठेवलं. 'नाताळच्या मिस्सात, भर प्रार्थनेत तार तुटली, तरी गाणे थांबले नाही. उरलेल्या तीन तारांवर आपण देवाला सूर दिलात.' मग ती हसून म्हणाली, "तुम्ही तेव्हा इथे हॉलमध्ये आमच्या मिस्टरांना जन्मतारीख विचारत होतात."

सरही हसले. पण बसमध्ये बसल्यावर त्यांना ते हसू जरा टोचू लागलं.

पंधरापैकी अकरावा दिवस उजाडला तेव्हा दहा फोटो झाले होते. मोबाइलच्या एवढ्याशा चौकोनात काही कळेना, म्हणून सरांनी कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून ते मोठे छापून आणले आणि सकाळच्या उन्हात पलंगावर ओळीने मांडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची दहा मानपत्रं एकमेकांशेजारी आली होती. सर चष्मा पुसून वाचायला लागले.

'आपल्या व्यक्तिमत्त्वाचा परिमळ...' पुढच्यात परिमळ. त्याच्या पुढच्यात परिमळ. दहाच्या दहा माणसांना एकच परिमळ येत होता. नर्सबाई चंदनासारख्या झिजल्या होत्या, बँक मॅनेजरही झिजले होते, शिपाईही. वसई तालुक्यात चंदनाचं एखादं खोड शिल्लक राहिलं असतं तर नवल. तिसरा परिच्छेद 'अथांग'पासून सुरू होऊन 'दीपस्तंभ'पाशी संपायचा, सगळीकडे. सरांची कानशिलं तापली. मान एकाचाच असतो म्हणून ज्याने दोनशे खर्डे फाडले, त्याने दोनशे जणांना एकच कागद वाटला होता, आणि खर्डे फाडल्यामुळेच हे त्याला कधी कळलं नव्हतं!

हे आर्याला कसं पाठवायचं? यापेक्षा प्रिंट काय वाईट?

सर पलंगाच्या कडेवर बसून राहिले. मग त्यांना दिसलं की एक गोष्ट मात्र प्रत्येकात वेगळी आहे. तिसऱ्या परिच्छेदानंतर एकटंच एक वाक्य होतं. 'बसा' म्हणणारे साहेब. तीन तारा. नर्सबाईंच्या मानपत्रात: 'झोपलेला रुग्ण जागा होऊ नये म्हणून रात्रपाळीत आपण चपला दाराबाहेर काढून वॉर्डात अनवाणी फिरलात.' आणि शिपायाच्या: 'शाळेच्या घंटेचा शेवटचा टोल आपण नेहमी सावकाश दिलात, धावत येणाऱ्या मुलासाठी.'

सात मानपत्रांत असं वाक्य होतं. तीनांत नव्हतं; तिथे लिहिलं होतं, 'आपले कार्य शब्दातीत आहे.' सरांनी तारखा पाहिल्या. ती तीन गेल्या चार वर्षांतली होती.

मनोरमाबाई दरवेळी बरोबर यायच्या. सर हॉलमध्ये जन्मतारखा, पदं, पुरस्कार उतरवून घ्यायचे आणि बाई "मी जरा आत बसते" म्हणून स्वयंपाकघरात नाहीशा व्हायच्या. परतीच्या वाटेवर सांगायच्या, "अहो, ऐका ना, त्यांच्या बायकोने काय सांगितलं..." रात्री सरांचा खर्डा ऐकायच्या आणि भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "छान आहे. पण हे कुणालाही चालेल." मग सर कपाळाला आठी घालून तिने सांगितलेलं एक वाक्य कुठेतरी बसवायचे. तिच्या समाधानासाठी. ताटाला लोणचं असावं, तसं. परिमळ आपला, अथांग आपला, या थाटात त्यांनी तीस वर्षं काढली. आणि लोक जेवले होते ते लोणच्याबरोबर.

"कधी बोलली नाहीस," सर मोठ्याने म्हणाले. घरात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे वाक्य तसंच राहिलं. त्यांना रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं.

संध्याकाळी त्यांनी तीन फोटो बाजूला काढून ठेवले आणि विनिताला कळवलं, दहा नाहीत, सातच पाठवतो. राहिलं ते स्वतःबद्दलचं पान. पहिल्या कागदावर त्यांनी लिहिलं, 'कलेचा ध्यास घेतलेले, ऋजू व्यक्तिमत्त्वाचे धनी...' आणि टाक खाली ठेवला. हे कुणालाही चाललं असतं. दोनशे जणांना चाललंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवा कागद घेतला, पेन्सिलीने रेघा आखल्या आणि अर्ध्या तासात पान पुरं केलं. अगदी मधोमध, नावांना सोनेरी शाई:

अक्षर : दिनानाथ केळुसकर
वाक्य : मनोरमा केळुसकर

खाली मनवेलपाड्याचा पत्ता आणि फोन नंबर. बस्स.

मनोरमाबाईंच्या नावाआधी 'कै.' लिहायचं सरांच्या ध्यानात आलं नाही. निदान त्यांनी स्वतःला तसं सांगितलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या टाकाने ती अक्षरं कधी काढलीच नव्हती. बाई गेल्या तेव्हा खालच्या फलकावरची सूचनासुद्धा सोसायटीच्या सेक्रेटरीने खडूने लिहिली होती. सर जिन्यावरून जाताना तिकडे पाहत नसत.

पानाचा फोटो विनिताला गेला. तिचा फोन आला.

"पान छान झालंय बाबा," ती म्हणाली. "असंच लावू?"

"असंच लाव."

"बरं," ती म्हणाली, आणि जेवलात का ते विचारून फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी आर्या फोनवर जवळजवळ ओरडलीच. "सर, कमिटी एकदम फिदा! मी सगळ्यांना ती एकेक ओळ वाचून दाखवली. प्रिंटवाले गप्पच झाले. मॅडमना सांगा, मी त्यांची फॅन झाले. आता एकच करायचं, एक सँपल. भुईगावच्या डेल्फिन टीचर आहेत, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, आमच्या सगळ्यात जुन्या. त्यांचं मानपत्र आवडलं की पंचवीसही तुमची. रविवारी या तुम्ही दोघं, मिस्सानंतर, अकराला. मॅडम नक्की येतील ना?"

सर म्हणाले, "बरं."

हे 'बरं' पुढचे चार दिवस घरात राहिलं. सरांनी इस्त्रीला आपला सदरा टाकला आणि बाई कुठली साडी नेसल्या असत्या याचा विचार करत लाँड्रीबाहेर उभे राहिले. भुईगावला बस बदलावी लागते. तिला बस लागायची, तर खिशात आवळासुपारी हवी, म्हणून ती घेतलीसुद्धा. वेड लागलं नव्हतं. त्यांना सगळं पक्कं ठाऊक होतं. पण कुणीतरी चार वर्षांनी त्या दोघांना एकत्र बोलावलं होतं, आणि ते बोलावणं लगेच मोडायला त्यांचं मन धजेना.

रविवारी डेल्फिन टीचरांच्या व्हरांड्यात पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या. नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, दोन बश्या होत्या. आर्या फाटकापर्यंत धावत आली आणि सरांच्या मागे पाहू लागली.

"मॅडम?"

"तिला नाही जमलं," सर म्हणाले.

सर एका खुर्चीवर बसले, पिशवी पायाशी जमिनीवर ठेवली. डेल्फिन टीचर समोर, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. सरांनी वही उघडली आणि सवयीने विचारलं, "आपली जन्मतारीख?" जन्मतारीख झाली, सेवेची वर्षं झाली, पुरस्कार झाले. टीचर म्हणाल्या, "मुलं गुणी होती. देवाची कृपा." सरांनी ते लिहून घेतलं आणि लिहितानाच त्यांना कळलं, की हेसुद्धा शब्दातीत होणार. पुढे काय विचारायचं ते त्यांना माहीत नव्हतं. ते आतल्या माणसाचं काम होतं. एवढ्यात आर्याचा फोन वाजला, ती बोलत फाटकाकडे गेली आणि टीचर चहा ठेवायला उठल्या.

सर उठले. "टीचर, मी जरा आत येऊ का? पाणी हवं होतं."

टीचरनी त्यांना स्वयंपाकघरात येऊ दिलं. पाण्याचा ग्लास हातात देत त्यांनी विचारलं, "किती वर्षं झाली?"

"कशाला?"

"बाईंना जाऊन."

सरांनी ग्लास ओट्यावर टेकवला. थोडं पाणी सांडलं. "चार."

"शेजारची खुर्ची रिकामी होती, तरी तुम्ही पिशवी खाली ठेवलीत," टीचर म्हणाल्या. "मी पण ठेवते. आमच्या ह्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली. बसमध्येसुद्धा बाजूच्या सीटवर काही ठेववत नाही मला. त्या पोरीला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं तर ती विचारेल, मग वाक्यं कोण लिहिणार?"

"कोण लिहिणार?"

चहाला आधण येत होतं. बाई इथे असत्या तर त्यांनी काय विचारलं असतं? कदाचित काहीच नाही, नुसतं फडकं घेतलं असतं. सरांनी ओट्याच्या कडेचं फडकं घेतलं, बश्या पुसायला लागले आणि बश्यांकडेच बघत म्हणाले, "टीचर, नोकरीत तुम्हाला सगळ्यात जास्त ओरडा कशाबद्दल बसला?"

डेल्फिन टीचर आधी चकित झाल्या, मग त्यांना हसू आलं. "अक्षराबद्दल! माझं अक्षर शाळेत एक नंबर. पण एक वर्ष असं खराब झालं की हेडमास्तरांनी मेमो दिला. पहिलीच्या वर्गात जेन्सन म्हणून मुलगा होता, डावखुरा. सगळ्या वर्गात एकटाच. पोरं हसायची, तो हात पाठीमागे लपवायचा. मग मी खडू डाव्या हातात घेतला. वर्षभर सोडला नाही. त्याला म्हटलं, आता आपण दोघं झालो."

त्यांनी ओट्यावर सांडलेल्या पाण्यात डाव्या हाताचं बोट बुडवलं आणि आपलं नाव काढून दाखवलं. अक्षर वाकडंतिकडं होतं. साऱ्या जन्मात सरांनी एवढं देखणं अक्षर पाहिलं नव्हतं.

ते मानपत्र सरांनी सहा दिवस लिहिलं. परिमळ काढला, चंदन काढलं, दीपस्तंभ विझवला. उरलं ते फार थोडं, आणि शेवटी एकटं एक वाक्य: 'वर्गात एकच मूल डावखुरे होते. ते एकटे पडू नये म्हणून आपण वर्षभर फळ्यावर डाव्या हाताने लिहिलेत.' वाक्यं दोन झाली होती, पण असू दे. खर्डा पुरा झाल्यावर सरांनी तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर थांबले. कुणालाही चालेल, असं कुणी म्हणालं नाही. छान आहे, असंही कुणी म्हणालं नाही. आता चांगलं-वाईट ठरवायचं ते आपणच, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या समजलं, आणि चार वर्षांत वाटलं नव्हतं इतकं ओकंबोकं वाटलं.

सकाळी त्यांनी मानपत्राचा फोटो आर्याला पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं.

'सर!!! हे फक्त आमच्या डेल्फिन टीचरच. दुसरं कुणी असूच शकत नाही. कमिटीचा होकार आहे, पंचवीसही तुमची. स्मरणिकेत तुमच्या पोर्टफोलिओतलं ते दोन नावांचं पान पण छापतोय. आणि मॅडमना माझा नमस्कार सांगा. डाव्या हाताचं वाक्य त्यांचंच ना?'

सरांनी निरोप दोनदा वाचला. पंचवीस घरं. पंचवीस स्वयंपाकघरं. पुढचं वर्ष भरलं होतं. ज्यासाठी ते दारोदार फिरले ते मिळालं होतं, आणि वाक्य तिचं नव्हतं. ते त्यांचं होतं. तिच्यावाचून जमलं होतं. तिच्यावाचून जमू नये असं आपल्याला वाटत होतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

त्यांनी लिहिलं, 'ते मी लिहिलं. ते पान थांबवा, त्यात एक चूक आहे. दुपारपर्यंत दुरुस्त करून पाठवतो.'

मग कपाटातून दोन नावांचं पान काढलं. मनोरमाबाईंचा 'म' त्यांनी इतक्या हौसेने, आधीच्या अपूर्णविरामाला भिडवून काढला होता की मध्ये एका टिंबाचीही जागा नव्हती. खाडाखोड करायची त्यांची रीत नव्हती. त्यांनी नवा कागद घेतला, खिडकीशी उन्हात बसले, पेन्सिलीने रेघा आखल्या आणि यावेळी दुसऱ्या ओळीत नावाआधी बोटभर जागा सोडली. आधी आपलं नाव लिहिलं. मग 'वाक्य' लिहिलं; ते तिचंच होतं आणि तिच्याकडेच राहणार होतं. मग टाक दौतीत बुडवला, निथळला आणि ती दोन मात्रांची, एका टिंबाची खूण काढली, इतर कुठल्याही अक्षरासारखी. त्यापुढे सोनेरी शाईने तिचं नाव.

शाई ओली होती. वाळेपर्यंत पानाला हात लावायचा नसतो, म्हणून सर शेजारी बसून राहिले.